कानाच्या टोकाचे रक्त

माझे बालपण धातू आणि प्रत्यय यांच्या संगतीत गेले आणि नोकरीची सारी वर्षे गुरांच्या कानांच्या संगतीत. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. मलाही प्रारंभी तसेच वाटले होते.

नांदेडला गोदावरीच्या घाटाजवळच्या पाठशाळेत माझे अध्ययन झाले. मी पुराण सांगावे, अशी गुरुजींची इच्छा होती. तथापि पुराण ऐकणाऱ्यांपेक्षा सांगणारेच त्या काळी गावात अधिक झाले होते. राजवट निजामाची, कचेरीची भाषा उर्दू. शेजारच्या अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात बसून मी उर्दू लिहावयास शिकलो होतो, म्हणून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एक जागा आहे असे कळताच अर्ज दिला. जागा लेखनिकाची असावी, अशी माझी समजूत होती.

तेथील डॉक्टर कमरुद्दीन साहेब हैदराबादचे. उंच, कृश, आणि बोलण्यात अत्यंत मृदू. त्यांनी माझा अर्ज वाचला नाही. एवढेच विचारले, "पंडितजी, एका जागी न हलता किती वेळ बसता येतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "साहेब, रोज जप करतो."

"मग तर झालंच. आमची खुर्दबीन तुम्हीच बघा. आधीचा मुन्शी दर पाच मिनिटांनी चहाला उठायचा."

खुर्दबीन म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्र. अशा रीतीने, ज्याच्या घरी लसूणही शिजत नसे, तो मनुष्य गुरांचे रक्त काचेवर पसरून त्यात रोग शोधू लागला. घरच्यांनी विहिरीवर माझ्यासाठी एक वेगळी घागर ठेवली. मी संध्याकाळी स्नान करूनच उंबरठा ओलांडीत असे. मला मात्र त्या कामाचे कधी ओझे वाटले नाही. काचेवर जो तेलाचा थेंब टाकून सूक्ष्म वस्तू पाहावयाची, ते तेल देवदारूचे असते हे कळले, तेव्हा तर मला तेथे परकेपणाच उरला नाही. यज्ञात ज्या वृक्षाचे काष्ठ वापरतात त्याचेच तेल येथे. मी डोळा लावण्यापूर्वी मनातल्या मनात नमस्कार करीत असे. डॉक्टरसाहेबांच्या हे ध्यानात आले होते. ते म्हणत, "करा, करा. काचेला वाईट वाटणार नाही."

आता धंद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या भागात गुरांना गोचिडांपासून एक ताप येतो. गोचीड रक्त पिते आणि पिता पिता एक अतिसूक्ष्म जीव गुराच्या रक्तात सोडते. मग अंग तापते, जनावर चारा सोडते, कान पडतात, आणि पुष्कळदा लघवी तांबडी होते. परंतु लघवी तांबडी होण्यास कारणे अनेक आहेत, ताप येण्यास त्याहून अनेक. म्हणून नेमकी चाचणी निवडणे हा आमचा खरा व्यवसाय. लघवी तांबडी असेल तर रक्त पाहावयाचे. खांद्यापुढची गाठ सुजली असेल तर पोकळ सुईने त्या गाठीतला रस काढून पाहावयाचा, कारण गोचिडांपासूनच येणाऱ्या दुसऱ्या एका तापात रोगजंतू आधी गाठीत दडतो. रक्त घ्यावयाचे ते कानाच्या अगदी टोकाचे. तेथल्या बारीक शिरांत हे जीव गर्दी करून बसतात. आणि घ्यावयाचे ते ताप चढलेला असताना, कोणतेही औषध पोटात वा अंगात जाण्यापूर्वी.

लोकांचे मत अगदी वेगळे होते. देगलूरकडचा एक गृहस्थ, निम्मा तेलुगू आणि निम्मा मराठी बोलणारा, एकदा मोठ्या अभिमानाने धोतराच्या सोग्यात बांधलेली पुरचुंडी घेऊन आला. "चूडंडी, बघा साब! सगळा रोग धरून आणलाय," असे म्हणून त्याने ती आमच्या मेजावर सोडली. आत म्हशीच्या अंगावरच्या जिवंत गोचिडा होत्या. त्या चहूकडे चालू लागल्या. आमचे सरिश्तेदार, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, जे एरवी हुकुमाशिवाय जागचे हलत नसत, ते खुर्चीवर उभे राहिले. डॉक्टरसाहेबांनी त्या गृहस्थाला शांतपणे विचारले, "बाबा, तुमच्या गावात गोचिडा नसलेली म्हैस आहे का?"

"न्हाई की."

"मग सगळ्याच म्हशी आजारी आहेत का?"

"न्हाई की."

"मग या गोचिडा मला काय सांगणार?"

गृहस्थ विचारात पडला. पुढे म्हणाला, "मग ह्या परत बांधून द्या." ते मात्र आम्हांला साधले नाही. पुढील आठवडाभर सरिश्तेदार मांडी घालूनच बसत होते.

एक दुःखाचीही आठवण आहे. मुदखेडकडून एकाने गाय आणली. तिला वाटेतच कोणीतरी औषध टोचले होते, ताप उतरला होता. मी काच दोन प्रहर पाहिली, रक्त निर्मळ होते. मालक आनंदाने गाय घेऊन गेला आणि पुढे ती दगावली. डॉक्टरसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. ते मला म्हणाले, "पंडितजी, काच साफ असणं आणि रक्त साफ असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत." चाचणी चुकली नव्हती, वेळ चुकली होती. ते वाक्य मी मंत्रासारखे सांभाळले.

पुढे डॉक्टरसाहेबांची बदली लातूरला झाली आणि त्यांनी मलाही मागवून घेतले. लातूर तेव्हाही व्यापाराचे गाव. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, करडई, भुईमूग, गूळ, तूर यांच्या राशी लागत, आणि आडतीवर भाव तोंडाने ठरत नसे. विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालीत, बोटे धरीत, आणि चेहऱ्यावर काहीही न दाखविता सौदा होई. अशाच एका आडतीचे मालक सिद्रामप्पा. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, स्वभावाने भाविक आणि भित्रे. त्यांना मूलबाळ नव्हते. घरी पत्नी गंगव्वा, आणि गोठ्यात देवणी जातीचा एक वळू. सारे अंग दुधासारखे पांढरे आणि फक्त तोंडाला काळी झाक. नाव शंभू. हा वळू त्यांनी महादेवाला बोललेला होता. येत्या महाशिवरात्रीला त्याला देवळात नेऊन सोडावयाचे, तोवर त्याच्या अंगाला लोखंड लागू द्यावयाचे नाही, असा नवस होता. त्यामुळे शंभूला साखळी नव्हती, नाल नव्हते, गोठ्यात खिळासुद्धा नव्हता. दावे अंबाडीचे, खुंटा बाभळीचा.

महाशिवरात्र जवळ आली असता एके दिवशी सिद्रामप्पा दवाखान्यात आले. "साहेब, शंभू तापून राहिलाय. मुतणंबी तांबडं झालंय."

डॉक्टरसाहेब लगेच उठले. "चला, कानाचं रक्त घेऊ."

"न्हाई, न्हाई," सिद्रामप्पा घाईने म्हणाले. "तुम्ही कशाला तसदी घेता? बैल लई मारका हाय. काच द्या, मीच आणून देतो."

विश्वासू मालकांना आम्ही काचा देत असू. थेंब कसा घ्यावा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो कसा पातळ ओढावा, हे मी त्यांना कोरड्या काचेवर दाखविले. दोन तासांत ते परत आले. काच पाहून मला संतोष झाला. इतका सुबक, पिंपळपानासारखा निमुळता होत गेलेला पट मी कोणा मालकाच्या हातचा पाहिला नव्हता. मी तो रंगविला, वाळविला, देवदारूचे तेल टाकले, खिडकीपाशी आरसा उन्हाकडे वळविला आणि डोळा लावला.

वाचकहो, गुराच्या रक्तातले कण गोल असतात, ताटलीसारखे, आणि मध्ये काहीही नसते. रोग असेल तर दहा-वीस कणांत एखाद्यात तो जीव दिसतो. माझ्यासमोर जे होते ते लांबट होते. एकूण एक कण लांबट, आणि प्रत्येकाच्या पोटात जांभळा, ठसठशीत गोळा. मी काच सरकविली, तेच. पुन्हा सरकविली, तेच. एवढा रोग अंगात असलेले जनावर उभे राहणे तर सोडाच, त्याचे श्राद्ध होऊन गेलेले असावयास हवे होते.

"साहेब," मी हाक मारली. "हे आपण पाहावे. आपल्या भागात काहीतरी नवे उत्पन्न झाले आहे."

डॉक्टरसाहेबांनी डोळा लावला. बराच वेळ पाहिले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि बाकावर बसलेल्या सिद्रामप्पांकडे वळून अतिशय अदबीने विचारले, "आप्पा, तुमचा शंभू पहाटे बांग देतो का?"

सिद्रामप्पांनी उपरण्याने कपाळ पुसले.

"कारण पाखरांच्या रक्तातच असा गोळा असतो," साहेब तेवढ्याच मृदुपणे म्हणाले. "बांग देत असेल तर ठीक. अंडी घालत असेल तर मात्र मला हैदराबादला कळवावं लागेल."

मग सारी हकीकत बाहेर आली. शंभूच्या कानाला पोलादी सुई लावणे सिद्रामप्पांच्या जिवावर आले होते आणि सरकारी डॉक्टरांना नाही म्हणण्याचे धैर्य नव्हते. शेजारी पिंजाऱ्याचे घर. त्याचा कोंबडा रोज शंभूच्या गोठ्यात येई आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडा टिपून खाई.

"म्हणून म्हणलं," सिद्रामप्पा खाली पाहून सांगू लागले, "गोचिडीनं शंभूचं रक्त पिलं. कोंबड्यानं गोचीड खाल्ली. म्हणजे शंभूचंच रक्त कोंबड्यात गेलं का न्हाई? फिरून फिरून माल तोच. दलाल तेवढा बदलला."

न्यायशास्त्राचे मी थोडेबहुत अध्ययन केले आहे. त्या अनुमानात दोष कोठे हे मला चटकन सांगता येईना. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही एकदम खिडकीबाहेर पाहू लागलो. सिद्रामप्पांपुढे हसणे बरे दिसले नसते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कोंबड्याचे रक्त कसे काढलेत?" मी विचारले.

"तुऱ्याला बाभळीचा काटा टोचला. गोठ्यात दुसरं काय असतंय?"

डॉक्टरसाहेब ताडकन उभे राहिले. "पंडितजी! काटा! कोंबड्याला चालतो, तो बैलाला का चालू नये? काटा उकळा."

दुपारी ताप चढतो, म्हणून आम्ही त्याच दुपारी सिद्रामप्पांच्या गोठ्यात गेलो. शंभू मान टाकून उभा होता. कानांना हात लावला तर तव्यासारखे. त्याच्या तापापेक्षा त्याच्या मुकेपणानेच मला अधिक वाईट वाटले. मारका म्हणून सांगितलेला तो वळू मला हुंगून स्वस्थ राहिला. मी कानाचे टोक पुसून काढले, मनातल्या मनात महादेवाचे स्मरण केले आणि काटा टोचला. शंभूने एवढेच केले की, मान एकदा हलविली. त्या हलविण्याने मी शेणात बसलो. परंतु काच मी हातात वर धरली होती, तिला शेण लागले नाही, हे मी आजही अभिमानाने सांगू शकतो.

उठून मी कानाच्या टोकाचा थेंब काचेवर घेतला आणि पातळ ओढला. अशी ओली काच उघडी ठेवली तर माशा क्षणात ती चाटून नेतात. जवळ डबी नव्हती. डॉक्टरसाहेबांनी खिशातले चांदीचे पानदान रिकामे केले, मी त्यात काच ठेवली, आणि बाजारातून आमची मिरवणूक निघाली. पुढे पानदान दोन्ही हातांत धरलेले साहेब, मागे कटिभागी शेण लागलेला मी, आणि त्यामागे सिद्रामप्पा. तंबाखूवाल्याने विचारले, "काय साहेब, कुठं पान द्यायला निघालात?" साहेब म्हणाले, "पंडितजींना. पण ते खात नाहीत."

या खेपेस कण गोल होते. आणि चौथ्या-पाचव्या ओळीत, उन्हाच्या त्या पांढऱ्या वर्तुळात, मला ते दिसले. एका कणाच्या पोटात दोन इवले जीव, पेरूच्या आकाराचे, निमुळती टोके एकमेकांना टेकवून बसलेले. पुढे दुसरी जोडी, पुढे आणखी. इतके नीटस की त्यांचा राग येऊ नये. साहेबांनी पाहिले आणि म्हणाले, "पकडला गेला. आता दवा आहे."

दवा म्हणजे एक गर्द निळा रंग. पाण्यात विरघळवून, कोमट करून, गळ्याच्या मोठ्या शिरेत हळूहळू सोडावयाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब काचेची पिचकारी, पोकळ सुई आणि औषधाची कुपी घेऊन गोठ्यात गेले. शंभू आता बसला होता. उठत नव्हता. सिद्रामप्पांनी पिचकारी पाहिली, तिच्या टोकाची सुई पाहिली, आणि ते शंभूच्या पुढे आडवे उभे राहिले.

"हे लोखंड हाय."

"काट्याला भोक नसतं, आप्पा," साहेब म्हणाले. "दवा आत जाणार कशी?"

"मग जाऊ नये."

"तर बैल मरेल. आज ना उद्या."

सिद्रामप्पांनी साहेबांकडे पाठ फिरविली. माझा हात धरून त्यांनी मला कडब्याच्या गंजीमागे नेले. "शास्त्रीबुवा, तुम्हाला म्हणून सांगतो. तिला सांगू नका. मागं गंगव्वा विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती, वैद्यानं हात टेकले होते. तवा मी महादेवाला बोललो. तिचा जीव राख, शंभू तुझा. शिवरात्रीपतुर त्याच्या अंगाला लोखंड लागलं तर बोली मोडली, दिलेला जीव परत घे. असं बोलून बसलो मी. आता सुई लागली तर बैल वाचंल. अन ती?"

माझ्या साऱ्या अध्ययनाची परीक्षा तेथे कडब्यामागे झाली, असे म्हणावयास हरकत नाही. मी प्रथम सांगितले की, संकटकाळाचे नियम निराळे असतात. मग सांगितले की, देव भावाचा भुकेला आहे. मग सांगितले की, पोलाद आणि लोखंड यांत सूक्ष्म भेद करता येतो. सिद्रामप्पा आडतीवरचे मुरलेले गृहस्थ. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "बुवा, तुम्ही भाव सारखा उतरवून राहिलात. म्हणजे तुमच्या मालावर तुमचाच भरवसा न्हाई."

ते खरे होते. शास्त्र मला ठाऊक होते, पण एखाद्याच्या पत्नीचा प्राण त्याच्या तराजूत घालण्याची माझी छाती नव्हती.

"म्हणजे हे असं हाय तर!"

गंजीच्या पलीकडून गंगव्वा पुढे आल्या. हातात कडब्याची पेंढी, पदर खोचलेला. बाई ठेंगण्या, परंतु त्या गोठ्यात आल्या की गोठा लहान होई. त्यांनी सर्व ऐकले होते.

"मला सांगितलं, दुकानाच्या बरकतीसाठी नवस केलाय म्हणून! अन जीव कुणाचा लावला? माझा! मला विचारलं?"

"अगं, तू तापात होतीस—"

"तापातून उठल्यावर तरी सांगायचं! आडतीवरच्या गुळाच्या ढेपीवानी माझा सौदा करून आलात रुमालाखाली. देवानं कोणतं बोट धरलं, तुम्ही कोणतं धरलं, मालाला पत्ता न्हाई!"

"गंगे, तुझ्याच जिवासाठी—"

"माझाच हाय ना? मग सरका."

त्या सरळ डॉक्टरसाहेबांकडे गेल्या. साहेब उकळलेली सुई पिचकारीला लावून तयार होते. "साहेब, ही कुणाला टोचली तर मी मरणार हाय म्हणं. तर आधी मलाच टोचा. मेले तर बैलाला लावू नका. न्हाई मेले तर लावा."

साहेब दोन पावले मागे सरले. "बाईसाहेब, मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"मग काय झालं? ह्यांनी मला त्यातच धरलंय."

आणि आम्हांपैकी कोणी काही करण्यापूर्वी त्यांनी साहेबांच्या हातातली पिचकारी धरली आणि सुईच्या टोकावर आपला अंगठा दाबला. रक्ताचा टपोरा थेंब आला. सिद्रामप्पा "महादेवा!" म्हणून मटकन खाली बसले. गंगव्वांनी अंगठा त्यांच्या तोंडासमोर धरला.

"लागलं का लोखंड? जिथं जीव हाय तिथंच लागलं. आता बघत बसा."

डॉक्टरसाहेब मात्र सुईकडे पाहून अत्यंत कष्टी झाले होते. "अहो, ती उकळलेली सुई होती. आता पुन्हा उकळावी लागेल."

सुई पुन्हा उकळण्यास गंगव्वांच्याच चुलीवर पाणी ठेवले. ते पाणी उकळेपर्यंत जो काळ गेला, तसा काळ मी नंतर क्वचितच अनुभवला. आम्ही तिघे पुरुष ओसरीवर एका रांगेत बसलो आणि गंगव्वांकडे पाहत राहिलो. आमच्या दवाखान्यात पुष्कळ चाचण्या होत्या, ही त्यांत नव्हती. गंगव्वा सूप घेऊन ज्वारी निवडीत बसल्या. मधूनच मान वर करीत आणि आम्ही पाहत आहोत हे पाहून खाली घालीत. एकदा त्यांना ठसका लागला. सिद्रामप्पा धावले.

"काय हाय? भुसा गेला नाकात," त्या म्हणाल्या. "मरायला वेळ न्हाई मला. एवढी ज्वारी पडलीय."

पाणी उकळले. डॉक्टरसाहेबांनी सिद्रामप्पांकडे पाहिले. सिद्रामप्पांनी गंगव्वांकडे पाहिले. फार वेळ पाहिले. मग हात जोडले आणि मान हलविली.

शंभूचे डोके गंगव्वांनी मांडीवर धरले. साहेबांनी शीर शोधली. औषध शिरेबाहेर सांडले तर मांस सडते, म्हणून ते फार हळू सोडावयाचे असते. गंगव्वा त्याच्या कानात काहीतरी बोलत होत्या. सिद्रामप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि थोड्या थोड्या वेळाने विचारीत होते, "गंगे?" त्या म्हणत, "हाय."

तिसऱ्या दिवशी शंभू उठून उभा राहिला आणि त्याने साहेबांचा रुमाल खाल्ला. त्यावरून प्रकृती सुधारल्याचे निदान झाले, त्यासाठी काच लागली नाही.

परंतु एक गोष्ट साहेबांनी सांगितली नव्हती, किंवा त्या गोंधळात सांगावयाची राहून गेली होती. तो निळा रंग रक्तातून साऱ्या अंगभर जातो आणि लवकर उतरत नाही. पांढऱ्याशुभ्र शंभूच्या हिरड्या निळ्या झाल्या, जीभ निळी झाली, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर आभाळासारखी छटा आली. महाशिवरात्रीस सिद्रामप्पा त्याला देवळात घेऊन गेले. शंभूने घंटेकडे मान वर केली, जांभई दिली, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईने हंबरडा फोडला, "नीलकंठ! नंदीनं इख पिलंय!"

दुपारपर्यंत पंचक्रोशी लोटली. निलंग्याकडून गाड्या आल्या. लोक शंभूपुढे शेंगदाण्याची पेंड ठेवीत आणि त्याने तोंड उघडण्याची वाट पाहत हात जोडून उभे राहत. शंभूने कोणास निराश केले नाही. गंगव्वा खांबापाशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "औषधाचा रंग हाय तो. ढोरांच्या डॉक्टरानं दिलेला. मी सोता बघितलंय." लोक त्यांच्याकडे दयेने पाहत आणि पुढे सरकत.

डॉक्टरसाहेब दूर पिंपळाखाली उभे होते. मला बोलावून ते हलक्या आवाजात म्हणाले, "पंडितजी, मी पाच वक्त नमाज पढणारा माणूस. हे माझ्या हातून काय होऊन बसलं?"

मी म्हणालो, "साहेब, बैल वाचला."

"ते ठीक. पण रंग उतरला की लोक काय म्हणतील?"

पुढे रंग उतरला तेव्हा लोक म्हणाले की, देवाने विष पचविले. साहेबांना ते स्पष्टीकरण फार आवडले.

शंभू देवळाचा झाला, पुष्कळ वर्षे जगला. सिद्रामप्पांच्या मनातील भीती मात्र शिवरात्रीबरोबर गेली नाही. सुई लागली ती शिवरात्रीच्या आधी, हे ते विसरले नव्हते. हिशोब देवाकडे थकलेला आहे आणि तो केव्हाही वसूल होईल, अशी धास्ती त्यांना राहिली. मी लातूर सोडण्यापूर्वी निरोप घेण्यासाठी पहाटेच त्यांच्या घरी गेलो. दार नुकतेच उघडले होते. सिद्रामप्पा अंथरुणावर उठून बसले होते. डोळे अजून मिटलेलेच. कपाळाला भस्म नव्हते, मुखात देवाचे नाव नव्हते. त्यांनी अंधाऱ्या माजघराकडे कान केला आणि हळूच हाक मारली.

"गंगे?"

आतून भांड्यांचा आवाज आला.

"हाय, हाय. अजून हाय. उठा आता, पाणी निवून चाललंय."

तेव्हा कोठे सिद्रामप्पांनी डोळे उघडले, आणि मला पाहून म्हणाले, "या बुवा, बसा."